कीबोर्ड उघडून वाचताना

टीव्हीएस गोल्डसारख्या खटखट वाजणाऱ्या कीबोर्डवर चहा सांडला, तर आधी अक्षर जात नाही, आवाज जातो. चहा फडक्याने टिपलेला असतो, कीबोर्ड रात्रभर पालथा ठेवलेला असतो, सकाळी अक्षरंही उमटत असतात. पण दोन-चार बटणांखालचा कोरडा ‘टिक्’ नाहीसा झालेला असतो आणि त्या जागी बोटाला नुसता लिबलिबीत दाब लागतो. समोरच्या हस्तलिखितावर नजर ठेवून टाइप करणाऱ्याला हे पहिल्या ओळीतच कळतं. त्याचे डोळे कागदावर असतात. अक्षर पडलं की नाही, हे तो बोटाने आणि कानाने ठरवत असतो.

आवाजच आधी का जातो, याचा शोध घेत गेलं की एका फार देखण्या रचनेपाशी आपण पोचतो. रसग्रहण कवितेचं करतात, चित्राचं करतात, गाण्याचं करतात. हातातल्या वस्तूचंही करावं, आणि ते तिला पुसता-धुताना करावं, असं मला मनापासून वाटतं. एरवी कीबोर्डकडे कुणी बघत नाही. तो उघडावा लागतो तेव्हाच त्यातला प्रत्येक तुकडा तिथे का आहे, हे समजायला लागतं.

महाराष्ट्रात हा कीबोर्ड औषधांच्या दुकानात बिल करताना दिसतो, दाखले आणि उतारे काढून देणाऱ्या केंद्रात दिसतो, आणि दिवाळी अंकाच्या दिवसांत डीटीपीच्या टेबलांवर तर रात्री उशिरापर्यंत वाजत असतो. या सगळ्या जागी चहा बाहेरून येतो, छोट्या कागदी कपातून येतो, आणि कप ठेवायला मोकळी जागा असते ती कीबोर्डशेजारीच. तेव्हा चहा सांडणं हा या यंत्राच्या आयुष्यातला अपवाद नाही.

या कीबोर्डात अनेक वर्षं चेरी कंपनीचे निळे एमएक्स स्विच बसवले गेले. चेरी मूळची अमेरिकेतली, पुढे जर्मनीत स्थिरावलेली. बटणाची टोपी सरळ वर उपसून काढली की काळ्या चौकोनी कवचातून डोकावणारा निळा दांडा दिसतो. त्याचं टोक अधिक चिन्हाच्या आकाराचं असतं. वरचं कवच चार बारीक खाचांवर अडकवलेलं असतं. ते उचकटलं की आत मोजून चार गोष्टी निघतात: निळा दांडा, त्याला खालून वेढून बसलेला पांढरा सरकता तुकडा, एक स्प्रिंग आणि धातूच्या दोन पात्या. एवढ्यावर सगळा खेळ.

बोट दाबतं तेव्हा सुरुवातीला फक्त निळा दांडा खाली जातो. पांढरा तुकडा पातीच्या दाबाने अडून राहतो. निळा त्याला ढकलत राहतो, एका क्षणी अडसर सुटतो आणि पांढरा तुकडा झटक्यात खाली आपटतो. हाच तो ‘टिक्’. आणि त्याच झटक्यात, इतका वेळ लोटून धरलेली पाती मोकळी होऊन दुसरीला टेकते आणि अक्षर निघतं. बटणाचा सगळा प्रवास 4 मिलिमीटरचा. अक्षर निघतं ते साधारण 2.2 मिलिमीटरवर, म्हणजे अर्ध्या वाटेवर. सराईत ऑपरेटर बटण तळापर्यंत नेतच नाही. आवाज झाला की बोट पुढच्या अक्षराकडे वळतं. मला या रचनेतली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती ही: आवाज वरून चिकटवलेला नाही. अक्षर ज्या हालचालीतून जन्मतं त्याच हालचालीतून आवाज जन्मतो, म्हणून तो सहसा खोटं बोलत नाही.

या सगळ्याचा आधार म्हणजे निळ्या आणि पांढऱ्या तुकड्यांमधली बारीकशी फट. चहा नेमका तिथे शिरतो. पाणी उडून जातं, साखर आणि दुधाचा अंश मागे राहतो, आणि दोन तुकडे एकमेकांना धरून बसतात. मग ते एकत्रच खाली जातात. अडणं नाही, सुटणं नाही, झटका नाही. पाती मात्र हळूहळू का होईना मोकळी होते, त्यामुळे अक्षर उमटत राहतं. आवाज आधी जातो तो असा. त्यानंतरची पायरी म्हणजे अक्षर डबल पडणं. पाती टेकताना काही मिलिसेकंद थरथरते आणि कीबोर्डातली चिप तेवढा वेळ थांबून मगच अक्षर मोजते. पातीवर थर बसला, झटका मंदावला, की ही थरथर चिपच्या सबुरीपेक्षा लांबते आणि एका दाबाची दोन अक्षरं होतात. त्यापुढे बटण खाली गेलं की वर येत नाही. बिघाडालाही इथे एक क्रम आहे, आणि तो क्रम ओळखता आला तर चहा कुठवर पोचलाय हे कीबोर्ड न उघडताच सांगता येतं.

मराठी टाइप करणाऱ्याला हा बिघाड कुठे जास्त टोचतो ते बघण्यासारखं आहे. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 1986 साली इनस्क्रिप्टची मांडणी ठरवली. तीत स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. इंग्रजी डीच्या बटणावर हलन्त, आणि शिफ्टसह ‘अ’. म्हणजे डावं मधलं बोट जिथे विसावतं तिथेच जोडाक्षरांचा सगळा कारभार. हे एक बटण चिकटलं की ‘क्त’ गेला, ‘स्थ’ गेला, आणि ‘अ’ने सुरू होणारा प्रत्येक शब्दही अडला. बटण डबल पडायला लागलं तर आणखी पंचाईत: दोन हलन्त लागोपाठ आले की पडद्यावर जोडाक्षर तुटून ठिपक्यांचं वर्तुळ उभं राहतं. गंमत अशी की ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘त्र’ आणि ‘श्र’ यांना धक्का लागत नाही, कारण शिफ्ट धरून 7, 5, 6 आणि 8 या आकड्यांवर ते आयतेच ठेवलेले आहेत. त्यामुळे साफसफाई झाल्यावर डीचं बटण तपासायला ‘क्षत्रिय’ उपयोगाचा नाही. ‘ज्योत्स्ना’ टाइप करावं, त्यात हलन्त तीन वेळा लागतो. त्याहून कडक परीक्षा हवी असेल तर ‘कार्त्स्न्य’: एका अक्षरात चार हलन्त, आणि चारही स्वच्छ वाजले पाहिजेत.

आता त्या थराकडे वळू. चहा म्हणजे नुसतं पाणी नव्हे, हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण साफ करताना नेमकं तेच विसरलं जातं. बाजारात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ‘आयपीए’ म्हणून मागितलं की देतात. ते लवकर उडतं, म्हणून सुरक्षित मानून पहिल्यांदा तेच ओततात. पण साखर त्यात जवळजवळ विरघळत नाही. पाण्यात मात्र ती विलक्षण विरघळते: लिटरभर पाण्यात खोलीच्या तापमानाला सुमारे 2 किलो. त्यामुळे चिकटलेल्या स्विचला आधी पाणीच हवं. वीज बंद, तार काढलेली, आणि पाणी डिस्टिल्ड. नळाच्या पाण्यात क्षार असतात; बोअरच्या पाण्यात तर इतके की किटलीच्या तळाशी पांढरा थर जमतो. तोच थर पातीवर नको. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी कुठल्याही बॅटरीवाल्याकडे मिळतं, ते चालतं. फक्त बाटली पाण्याचीच आहे, आम्लाची नाही, हे वाचून घ्यायचं.

दांडा दाबून धरून दोन-तीन थेंब आत सोडायचे, बटण वीस-पंचवीस वेळा खालीवर करायचं, कीबोर्ड पालथा करून पाणी गाळू द्यायचं, आणि हे पुन्हा करायचं. पहिल्या खेपेला गाळलेलं पाणी फिकट तपकिरी येतं. ते पांढऱ्या कागदावर टिपून बघावं. जोवर कागदावर डाग उमटतो आहे तोवर आत चहा आहे. कागद कोरा राहू लागला की मग आयपीएची पाळी. ते उरलेलं पाणी आपल्यासोबत घेऊन उडतं आणि दुधाच्या स्निग्ध अंशालाही हात घालतं. म्हणजे दोन द्रव, दोन वेगळी कामं, आणि त्यांचा क्रम उलटला तर दोन्ही वाया. मला यात एक शिस्तबद्ध सौंदर्य दिसतं. काय सांडलंय हे नीट समजून घेतल्याशिवाय काय ओतायचं हे ठरत नाही.

हवेचाही यात हात असतो. वाळलेली साखर पावसाळ्यात ओल धरते आणि पाकासारखी चिकट होते. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत तीच कडक बनते. म्हणून एकच कीबोर्ड जुलैत चिकटतो आणि जानेवारीत अडतो. हिवाळ्यात एखाद्याने बटण जोराने चार वेळा दाबलं की थर तडकतो, बटण सुटतं, आणि आपोआप बरं झालं असं वाटतं. तसं नसतं. तडकलेले कण आतच असतात आणि पहिल्या पावसात पुन्हा जागे होतात.

शिलाई मशीनचं तेल घालण्याचा उपाय पुष्कळ ठिकाणी होतो. बटण लगेच मोकळं होतं, म्हणून त्याच्यावर विश्वासही बसतो. पण तेल साखरेला विरघळवत नाही, फक्त तिच्यावरून सरकायला मदत करतं. पुढे त्यावर धूळ बसते आणि तेल आणि धूळ मिळून जो काळा लगदा होतो तो पाण्याने निघत नाही. हे मी ठामपणे सांगेन: स्विचमध्ये तेल घालू नये. हेअर ड्रायरची गरम हवाही नको. ओला चहा त्याने आत ढकलला जातो आणि तिथेच आटतो.

टोप्यांचं काम त्यामानाने सोपं. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश, आणि पालथ्या घालून वाळवणं. अधिक चिन्हाच्या खाचेत पाणी दडून राहतं, तेवढं बघावं. स्पेस, एंटर आणि शिफ्ट यांच्याखाली तारेची कमान असते. ती हिसका मारून काढली तर वाकते आणि मग स्पेस एका बाजूला दाबला की दुसरी बाजू वर राहते. ज्यांनी इंग्रजी टोप्यांवर देवनागरी स्टिकर लावलेत त्यांनी टोप्या भिजत घालू नयेत, नाहीतर बादलीत सगळी बाराखडी तरंगताना दिसेल. नेलपॉलिश काढायचं अ‍ॅसिटोन तर अजिबात नको. बऱ्याच टोप्या एबीएस प्लास्टिकच्या असतात आणि अ‍ॅसिटोनने ते विरघळतं.

या रचनेचे गुण सांगितले, तसा दोषही सांगायला हवा. निळा दांडा वरून उघडा आहे. टोपीच्या कडेने उतरलेला चहा थेट त्याच्याभोवतीच्या फटीत जातो. वाटेत कसलाही बांध नाही. याबाबतीत तीन-चारशे रुपयांचा साधा रबरी कीबोर्ड जास्त सोशीक ठरतो. त्यात सगळ्या बटणांखाली मिळून बहुधा रबराची एकच अखंड चादर असते, तिच्यावर बटणागणिक एक घुमट. थोडा चहा त्या चादरीवरच अडतो. पण एकदा का तो कडेने खाली उतरला की तिथे पारदर्शक प्लास्टिकचे तीन पापुद्रे असतात: वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर चांदीच्या शाईने ओढलेल्या वाहक रेघा, आणि मधल्याला बटणाबटणाखाली गोल भोकं. घुमट दाबला की त्या भोकातून वरची रेघ खालच्या रेघेला भेटते. हे पापुद्रे उजेडात धरून पाहावेत. शंभरावर बटणांना शंभर वेगळ्या तारा न लागता, आडव्या-उभ्या मोजक्या रेघांच्या छेदांवर सगळी अक्षरं कशी बसवली आहेत, ते एका दृष्टिक्षेपात कळतं. आणि चहाने एक बटण न जाता एकदम सात-आठ एकमेकांपासून लांबची बटणं का जातात, तेही कळतं: ती एकाच रेघेवर राहणारी असतात. पापुद्र्यांमध्ये शिरलेला चहा आपणहून बाहेर येत नाही. दोन पृष्ठभाग इतके जवळ असतात की तो पसरत आतच जातो आणि चांदीच्या रेघा काळ्या पडू लागतात. पापुद्रे सुटे असतील तर अलग करून ओल्या फडक्याने पुसता येतात. कडेने वितळवून जोडलेले असतील तर हात टेकावे लागतात.

सांडण्याचा विचार आधीच करून ठेवलेला कीबोर्ड बघायचा असेल तर आयबीएमच्या मॉडेल एमकडे जावं लागतं. 1985 साली आलेला हा कीबोर्ड अमेरिकेत केंटकीतल्या लेक्सिंग्टनला बनत असे आणि वजन दोन किलोंच्या पुढे. प्रत्येक बटणाखाली एक उभी स्प्रिंग. दाब वाढला की ती एका बाजूला मुडपते, तळाच्या छोट्या पट्टीला झटका देते आणि पट्टी खालच्या पापुद्र्यांवर आदळते. इथेही आवाज आणि अक्षर यांचा जन्म एकाच झटक्यातला. पण चहाच्या दृष्टीने बघण्यासारखी गोष्ट निराळी आहे. प्रत्येक स्प्रिंग एका नळीत उभी असते आणि नळीची तोंडं पाट्याच्या वर उचललेली असतात, त्यामुळे थोडं सांडलं तर ते नळ्यांच्या मधल्या खळग्यात साचतं, नळीत उतरत नाही. 1990च्या दशकात बनलेल्या आवृत्त्यांत तर पाणी वाहून जायला वाटा केल्या आणि तळाच्या कवचाला छिद्रं पाडली. सांडलेलं टेबलावर यावं, पण यंत्रात राहू नये, असा तो हिशोब.

त्याचा पोलादी पाटाही वाकवलेला असतो, आणि त्या वळणामुळे सगळ्या ओळींच्या टोप्या एकाच ठेवणीच्या करता आल्या. इतर कीबोर्डांत ओळीगणिक टोपीचा उतार बदलतो, त्यामुळे धुऊन परत लावताना टोपी चुकीच्या ओळीत बसली तर बोटाला खुपते. मॉडेल एममध्ये कुठलीही टोपी त्या मापाच्या कुठल्याही जागी गुण्यागोविंदाने बसते. म्हणूनच तो उघडण्याआधी फोटो काढून ठेवावा लागतो. दोष त्याच्यातही आहेच: पाटा आणि पापुद्रे प्लास्टिकच्या वितळवलेल्या खिळ्यांनी जोडलेले असतात, आणि चहा पापुद्र्यांपर्यंत गेला तर ते खिळे कापून त्या जागी बारीक बोल्ट बसवण्याचं जिकिरीचं काम उरतं. तरीही लोक ते करतात, कारण उरलेलं सगळं पुन्हा पंचवीस वर्षं चालेल याची खात्री असते.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला अ‍ॅपलने 2015 पासून काही वर्षं लॅपटॉपमध्ये बसवलेला बटरफ्लाय कीबोर्ड होता. बटणाचा प्रवास अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. जाडी वाचली, पण धुळीचा कणही बटण अडवायला पुरू लागला. लॅपटॉप 75 अंशांच्या कोनात तिरपा धरून दाबाच्या हवेचा फवारा मारावा, असं कंपनीला ग्राहकांना सांगावं लागलं; 2018 साली मोफत दुरुस्तीची योजना काढावी लागली, आणि पुढे ती रचनाच सोडून द्यावी लागली. शिवाय आजच्या अनेक लॅपटॉपांत कीबोर्ड वरच्या पत्र्याला रिवेटने ठोकलेला असतो. चार बटणांसाठी अख्खा पत्रा बदलावा लागतो. मी याला वाईट रचना म्हणतो. दिसायला ती कितीही तलम असो, जिथे हात घालता येत नाही तिथे नीट करताही येत नाही. उलट काही थिंकपॅड लॅपटॉपांत कीबोर्डखालून पाणी वाहून जायला छिद्रं आहेत, म्हणजे पातळपणाच आडवा येतो असंही नाही.

निळ्या स्विचकडे मी पुन्हा वळतो ते एका कारणासाठी. पाणी झालं, आयपीए झालं, दोन दिवस वाळवून झालं, तरी एखादा स्विच हट्टाने डबल अक्षर पाडतोच, कारण चालू विजेत चहा लागल्यामुळे आतली पाती गंजलेली असते. तेव्हा कीबोर्ड टाकून द्यायचा नसतो. प्रत्येक स्विच खालच्या पट्टीला सोल्डरच्या फक्त दोन थेंबांनी जोडलेला असतो, आणि हलन्ताच्या बटणाखाली जो स्विच आहे तोच स्क्रोल लॉकखालीही आहे. स्क्रोल लॉक कुणी वापरत नाही. त्याचा स्विच कोरा करकरीत असतो. दुरुस्ती करणारे दोन्ही जागचं सोल्डर ओढून घेतात आणि स्विचची अदलाबदल करतात. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सोल्डरचं असं काम करून देणारे भेटतात. गंजलेला स्विच स्क्रोल लॉकच्या जागी बसवायचा, म्हणजे तिथल्या टोपीलाही आधार राहतो.